सुटला की सोडला

शिवडीच्या कोर्टात बावीस वर्षं
मी लोकांची वाक्यं उलटी करतो,
सदरा उलटा करावा तशी, शिवण बाहेर.
साक्षीदार क्रियापद शेवटपर्यंत
पदराखाली झाकून आणतो,
साहेबांना ते दारातच हवं असतं.

मंगळवारी पिंजऱ्यात मथुरा वैती.
भाऊच्या धक्क्यावर बर्फाची लादी पडली,
एकाचा पाय गेला, त्याची केस.
"मी त्याला दोर सोडताना बगितला,"
म्हणाली, आणि खोकली.
माझं तोंड उघडलंच होतं,
डिमेलोबाईंची बोटं कळांवर टेकली होती.
तिने पाणी मागितलं, प्याली,
ग्लास खाली ठेवला, ओठ पुसले.
"नाय."
तेवढा वेळ आरोपी गुन्हेगार होता.
त्याला मराठी येत होती, म्हणून त्याने ते पाहिलं;
साहेब घड्याळ बघत होते.

मग सुखडवाला वकील उठले:
दोर कुणी सोडला?
"कोनी नाय. सुटला."
कुणाच्या हातून? नाव सांगा.
"सुटला, सायेब. सुटतो दोर."

आता हे कुठे नेऊ?
इंग्रजी वाक्यात पहिली खुर्ची रिकामी चालत नाही.
कुणीच नसेल तर एखादा 'इट' धरून आणतात
आणि उकाड्याचा आळ त्याच्यावर घालतात.
आम्ही नुसतं म्हणतो, उकडतंय.
कोण, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

दुपारनंतर दाभोळचा खलाशी, दाऊद सोलकर.
त्याने एकच शब्द टाकला: "सोडलान."
साहेब म्हणाले, कर्ता?
मी म्हटलं, आहे, साहेब, शेपटीला लटकलाय,
तो शेवटचा न् म्हणजे एक अख्खा माणूस.
नाव?
नाव नाही. नुसता माणूस.
साहेबांनी चष्मा काढला. पुढची तारीख.

व्हरांड्यात चहावाला पोरगा गावी फोन लावून होता,
बस्तीचा, येऊन सहा महिने झालेत.
"अम्मा, मेरे को आने का है, छुट्टी नहीं मिल रही."
पलीकडून आई काहीतरी हसली असावी,
कारण तो चिडला: "इधर ऐसाच बोलते."
मला 'यायचं' ओळखू आलं,
हिंदी कपड्यांत, पण चाल आमचीच.

घरी बायको अकोल्याची.
"काय करून राहिले?" म्हणते.
लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं
माझं काहीतरी करायचं राहिलंय, त्याचीच ती चौकशी करते.
आज वाटतं, तेच विचारत असेल.

माझं तिसरं वर्ष होतं.
गंगाजी भोवड, रे रोडच्या गोदामातला हमाल,
हात जोडून म्हणाला होता,
"माझ्या हातातनं सुटला ओ."
सुखडवालांचेच सीनियर घाई करत होते,
जेवणाची सुट्टी जवळ आली होती,
आणि मला माझ्या इंग्रजीची फार ऐट.
मी गंगाजीला उचलून पहिल्या खुर्चीत बसवलं,
हातात दोर दिला,
आणि सोडायला लावला.
आठ महिने.
जाताना त्याने मलाच नमस्कार केला,
आपलं म्हणणं मी नीट मांडलं म्हणून.

रात्री हिशेबाच्या वहीत लिहितो:
माझ्याकडून चूक झाली.
वाक्य शुद्ध आहे, चारचौघांत चालेल असं.
चूक आपल्या पायांनी आली, झाली,
मी कडेला उभा,
अपघात बघायला थांबल्यासारखा.

खोडतो.
चूक केली
इथपर्यंत लिहून पेन थांबतं.
मथुराबाईंसारखं पाणी पितो.
मग शेपटीला, दाऊदच्या गावच्या रीतीने, जोडतो:
मी.

"कोणाशी बोलून राहिले?" आतून आवाज येतो.